ताफ्यासाठी दोन इंजिनांची विमाने घ्यावीत की चार? हिशोब कसा मांडावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्यम आकाराच्या एका विमान कंपनीला आठ ते बारा तासांचे मार्ग सुरू करायचे आहेत. एअरबस ए३४०, बोइंग ७४७-४०० यांसारखी जुनी चार इंजिनी विमाने बाजारात फार कमी भाड्याने मिळतात. बोइंगची ७७७, ७८७ आणि एअरबसची ए३३०, ए३५० ही दोन इंजिनी विमाने महाग आहेत आणि नव्यांसाठी रांगही मोठी आहे. मग चार इंजिनी घेऊन पैसे वाचवावेत का? आणि समुद्रावरून जाताना चार इंजिने जास्त सुरक्षित नाहीत का?

आधी उत्तर देतो, कारणे मागाहून. रोजच्या नियमित प्रवासी उड्डाणांसाठी ताफा उभा करायचा असेल तर दोन इंजिनी विमान घ्या. चार इंजिनी विमानाचा विचार करण्यासारखी तीनच ठिकाणे उरली आहेत. एक, वर्षाकाठी उड्डाणाचे तास फार कमी असतील. दोन, विमानतळावर स्लॉट (उतरण्या-उडण्याच्या ठरावीक वेळा) मिळतच नसतील आणि दर फेरीला पाचशे माणसे खरोखर भरत असतील. तीन, माल इतका लांब किंवा बोजड असेल की नाकाकडून उघडणारे ७४७ लागेलच.

हेही लक्षात घ्या की नवे चार इंजिनी प्रवासी जेट आज एअरबस किंवा बोइंगकडे मागवताच येत नाही. ए३४० बंद केल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. शेवटचे ए३८० डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहकाच्या हाती गेले आणि शेवटचे ७४७ जानेवारी २०२३ मध्ये, तेही मालवाहू. तेव्हा तुमच्यासमोरचा खरा प्रश्न भांडवलाचा आहे: स्वस्तातले जुने विमान घेऊन रोजचा खर्च जास्त सोसायचा, की महागातले घेऊन रोजचा खर्च कमी ठेवायचा. बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो.

सुरक्षिततेची शंका

चार इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षा हे गणित प्रत्येक इंजिन आपापल्या वेगळ्या कारणाने बंद पडत असेल तरच बरोबर ठरते. आणि तसे बंद पडण्याचे प्रमाण आज फारच कमी आहे. इटॉप्स, म्हणजे दोन इंजिनी विमानांना विमानतळांपासून दूरवर उडू देणारी नियमावली, उड्डाणात इंजिन बंद पडण्याचा दर हजार इंजिन-तासांमागे मोजते. १२० मिनिटांच्या मान्यतेसाठी (एका इंजिनावर विमानतळ इतक्या मिनिटांत गाठता यावा) तो साधारण ०.०५ च्या आत लागतो, १८० साठी ०.०२ आणि त्यापुढे ०.०१. शेवटचा आकडा म्हणजे एक लाख इंजिन-तासांत एकदा.

वर्षाला साडेचार हजार तास उडणाऱ्या दोन इंजिनी विमानाचे वर्षाचे नऊ हजार इंजिन-तास होतात. या दराने त्या विमानावर सरासरी अकरा वर्षांतून एकदा इंजिन बंद पडेल. तेवढाच उडणाऱ्या चार इंजिनी विमानावर साडेपाच वर्षांतून एकदा. म्हणजे प्रसंग चार इंजिनी विमानावर दुप्पट येतात, फक्त प्रत्येक प्रसंगाची धग कमी असते.

सगळी इंजिने एकदम जातात तेव्हा कारण बहुधा एकच असते, आणि त्याला इंजिने किती याच्याशी देणेघेणे नसते. १९८२ मध्ये ब्रिटिश एअरवेजचे ७४७ इंडोनेशियात गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि चारही इंजिने बंद पडली. १९८९ मध्ये अलास्कात केएलएमच्या ७४७ वर हाच प्रसंग ओढवला. दोन्ही वेळा राखेबाहेर आल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली. १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमजवळ एल अलच्या मालवाहू ७४७ चे तीन नंबरचे इंजिन पंखावरून निखळले आणि जाताना शेजारचे चार नंबरचेही घेऊन गेले. इंजिने शेजारीशेजारी असण्याचा हा धोका दोन इंजिनी विमानात नसतो.

चार इंजिनांचा खरा फायदा आहे तो धंद्याच्या बाजूने. दोन इंजिनी विमानाचे एक इंजिन बंद पडले की वेळेच्या हिशेबाने सर्वांत जवळच्या योग्य विमानतळावर उतरावेच लागते, मग तो विमानतळ आडबाजूला का असेना. चार इंजिनी विमानाला तीन इंजिनांवर पुढे जाता येते. २००५ मध्ये लॉस एंजेलिसहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या ७४७ चे एक इंजिन उड्डाणानंतर लगेच बंद पडले. ते तसेच अटलांटिक ओलांडून आले, पण इंधनाच्या चिंतेमुळे लंडनऐवजी मँचेस्टरला उतरले. तीन इंजिनांवर विमान खालच्या उंचीवर उडते आणि इंधन जास्त खाते, हे विसरल्यावर असे होते. बिघडलेल्या इंजिनासह, प्रवासी न घेता, तीन इंजिनांवर विमान तळावर आणण्याची परवानगीही चार इंजिनी विमानाला मिळू शकते. दोन इंजिनीच्या बाबतीत इंजिनच त्या गावी न्यावे लागते.

जास्तीचा थ्रस्ट कुठून येतो

दोन इंजिने लावली की विमान अशक्त होईल, त्याला थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, कमी पडेल असे वाटते. घडते उलटे. टेक-ऑफनंतर चाके वर घेतलेली, फ्लॅप (पंखामागच्या हलत्या पट्ट्या) टेक-ऑफच्या स्थितीत आणि एक इंजिन बंद, अशा अवस्थेत दोन इंजिनी विमानाने किमान २.४ टक्के चढ दाखवायचा असतो आणि चार इंजिनीने ३.० टक्के. त्या अवस्थेत लिफ्ट (वर उचलणारा जोर) आणि ड्रॅग (हवेचा विरोध) यांचे गुणोत्तर १२ धरू. म्हणजे ड्रॅग वजनाच्या ८.३ टक्के, त्यात चढाचे टक्के मिळवायचे. दोन इंजिनी विमानाला वजनाच्या सुमारे १०.७ टक्के थ्रस्ट एका इंजिनातून हवा, म्हणजे एकूण २१.४ टक्के. चार इंजिनीला ११.३ टक्के हवा, पण तो तीन इंजिनांतून. म्हणजे एकूण १५.१ टक्के. याच एका अटीपोटी दोन इंजिनी विमान सुमारे ४० टक्के जास्त थ्रस्ट घेऊन फिरते. प्रत्यक्षात धावपट्टीची लांबी आणि शेवटच्या टप्प्यातली चढ या अटीही लागू होतात, त्यामुळे फरक एवढा राहत नाही. तरी दिशा हीच.

ए३३०-३०० आणि ए३४०-३०० शेजारीशेजारी ठेवून पाहा. धड तेच, पंख जवळपास तोच. ट्रेंट ७७२बी इंजिने असलेल्या ए३३० चा एकूण थ्रस्ट सुमारे १,४२,००० पौंड आणि कमाल वजन २४२ टन. ए३४०-३०० वर सीएफएम५६-५सी४ ची चार इंजिने मिळून १,३६,००० पौंड, वजन मात्र २७६.५ टन. थ्रस्ट आणि वजनाचे गुणोत्तर पहिल्याचे सुमारे ०.२७, दुसऱ्याचे ०.२२. ए३४०-३०० सावकाश चढते ही तक्रार इथून येते. मुळात या विमानासाठी ‘सुपरफॅन’ नावाचे बरेच मोठे इंजिन ठरले होते. तो प्रकल्प १९८७ मध्ये गुंडाळला गेला आणि सीएफएम५६ वर भागवावे लागले.

जास्तीच्या थ्रस्टचा फायदा रोज मिळतो. वजन कमी किंवा हवा थंड असेल त्या दिवशी वैमानिक कमी केलेला थ्रस्ट लावतात. नियमाने ही कपात मूळ थ्रस्टच्या २५ टक्क्यांपर्यंत करता येते. टर्बाइनचे तापमान उतरते आणि इंजिन शॉपमध्ये, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, उशिरा जाते. ज्या विमानाला गरम दुपारी पूर्ण थ्रस्टच लागतो, त्याला ही चैन परवडत नाही.

स्वस्त चार इंजिनी विमानाचा हिशोब

दोन्ही विमाने एकाच मार्गावर, तेवढ्याच प्रवाशांसह चालवून ताशी फरक काढायचा आणि भाड्यातल्या फरकाला त्याने भागायचे. खालचे आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमचे टाकून पाहा.

ए३४०-३०० चे मासिक भाडे ए३३०-३०० पेक्षा २,५०,००० डॉलरने कमी आहे असे धरू. वर्षाला बचत ३० लाख डॉलर. ए३४० ताशी ०.७ टन इंधन जास्त खाते आणि इंधन टनाला ८०० डॉलर, म्हणजे ताशी ५६० डॉलर. चार इंजिनांच्या देखभालीसाठी ताशी आणखी ३४० डॉलर. एकूण फरक ९०० डॉलर. ३० लाखांना ९०० ने भागले की ३,३३३ तास येतात. वर्षाला विमान याहून कमी उडणार असेल तर कागदावर चार इंजिनी विमान जिंकते. दिवसाला नऊ तासांच्या पुढे गेलात की दोन इंजिनी. लांब पल्ल्याची नियमित कंपनी विमान दिवसाला बारा-तेरा तास उडवते, तेव्हा निकाल स्पष्ट आहे. हंगामी चार्टर किंवा वर्षात काहीच महिने वैमानिकांसह भाड्याने दिली जाणारी विमाने मात्र या रेषेच्या अलीकडे पडतात, म्हणून जुनी ए३४० तिथे तग धरून आहेत.

इंधन १,१०० डॉलर झाले तर काय होते तेही करून पाहा. ताशी फरक ७७० अधिक ३४०, म्हणजे १,११०. सीमा २,७०० तासांवर येते. संचालक मंडळासमोर एकच आकडा ठेवू नका, इंधनाच्या तीन भावांचे तीन आकडे ठेवा.

आता या हिशोबात न दिसणारा खर्च. जुने विमान घेताना लोक रंग, खुर्च्या आणि पुढच्या मोठ्या तपासणीची तारीख पाहतात. पाहायचे असते ते इंजिनांचे उरलेले आयुष्य. इंजिनातल्या फिरत्या डिस्कना ठरावीक सायकलींची मर्यादा असते, आणि एक टेक-ऑफ व एक लँडिंग मिळून एक सायकल. समजा एका ए३४० वरच्या चार इंजिनांच्या उरलेल्या सायकली ९००, २,१००, ३,८०० आणि ५,२०० आहेत. सरासरी साधारण ३,००० येते आणि विक्रेता तीच पुढे करतो. आठ तासांच्या फेऱ्या आणि वर्षाला ३,००० तास धरले तर वर्षाला ३७५ सायकली लागतात. पहिले इंजिन अडीच वर्षांच्या आत उतरेल आणि दुसरे साडेपाच वर्षांत. सहा वर्षांच्या भाडेकरारात चारपैकी दोन इंजिने बदलणे किंवा शॉपमध्ये पाठवणे आले. प्रत्येक खेपेला विमान उभे राहते, क्रेन आणि माणसे लागतात, नंतर रन-अप (जमिनीवर इंजिन चालवून चाचणी) होतो. तेव्हा सरासरीकडे पाहू नका, सर्वांत कमी आयुष्याच्या इंजिनाकडे पाहा.

सायकलींबरोबर एक्झॉस्ट तापमानाची मार्जिन, म्हणजे कमाल मर्यादेपर्यंत किती अंश उरले, ते पाहा. सायकली भरपूर शिल्लक आहेत पण मार्जिन दहा-पंधरा अंशांवर आली आहे, अशा इंजिनाला उन्हाळा मानवत नाही. ताज्या बोरोस्कोप तपासणीचे (इंजिनात नळीचा कॅमेरा घालून केलेल्या) चित्रण मागा. अहवालाचा कागद पुरेसा नाही. कंबशन चेंबर आणि उच्च दाबाच्या टर्बाइनच्या पहिल्या टप्प्यातली पाती स्वतःच्या अभियंत्याला पाहू द्या.

इंजिनाचे गोत्रही पाहावे लागते. सीएफएम५६-५सी फक्त ए३४०-२०० आणि ३०० वर आहे. ट्रेंट ५०० फक्त ए३४०-५०० आणि ६०० वर. दुसऱ्या कुठल्या विमानावर ती बसत नाहीत. आज मोडीत निघालेल्या विमानांची इंजिने मिळतात, म्हणून अडत नाही. पण ती दुरुस्त करणारे शॉप दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाणार. ७४७-४०० चे यात बरे आहे. तिचे सीएफ६-८०सी२ इंजिन ७६७, ए३००, ए३१० आणि एमडी-११ वरही बसते, त्यामुळे सुटे भाग बराच काळ मिळत राहतील. ए३८० ची गत उलट. पहिल्या पिढीतली काही विमाने जेमतेम दहा वर्षे उडून सुट्या भागांसाठी फोडली गेली. तिसरा गिऱ्हाईक नसलेल्या विमानाची पुढची किंमत शून्य धरूनच हिशोब करावा.

चार इंजिनांच्या बाजूने एक मुद्दा सांगायलाच हवा. तीन ए३४० च्या ताफ्यात बारा इंजिने असतात आणि एक राखीव ठेवले की आठ टक्के झाले. तीन दोन इंजिनी विमानांत सहा इंजिने आणि एक राखीव म्हणजे सतरा टक्के, शिवाय ते एक इंजिन कितीतरी महाग. लहान ताफ्यात हा बोजा जाणवतो. उपाय म्हणजे राखीव इंजिन विकत न घेता इंजिन कंपनीच्या किंवा भाडे कंपनीच्या साठ्यात वाटा घेणे.

इटॉप्स फुकट मिळत नाही

दोन इंजिनी विमान घेतले की इटॉप्सची शिस्त पाळणे आले. नवी कंपनी इथे जेवढा वेळ लागेल असे धरते, त्याहून बराच जास्त लागतो.

अमेरिकेत १९५३ च्या नियमाने दोन इंजिनी विमानाला विमानतळापासून ६० मिनिटांच्या आत राहावे लागे. एका इंजिनावरच्या वेगाने, वारा नाही असे धरून. १९८५ मध्ये टीडब्ल्यूएची ७६७ इटॉप्सखाली अटलांटिक ओलांडू लागली, १९८८ मध्ये १८० मिनिटांची मान्यता आली, आणि १९९५ मध्ये ७७७ सेवेत आले तेच १८० मिनिटे हातात घेऊन. आज ए३५०-९०० ला ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता आहे. ही झाली विमानाची मान्यता. कंपनीची वेगळी असते, आणि ती तुम्हाला स्वतः मिळवावी लागते.

नकाशावर पहिले काम करा. एका इंजिनावरचा वेग ढोबळमानाने ४०० नॉट धरला तर ६० मिनिटे म्हणजे ४०० नॉटिकल मैल, १२० म्हणजे ८००, १८० म्हणजे १,२००. तुमच्या मार्गावरच्या प्रत्येक पर्यायी विमानतळाभोवती ही वर्तुळे काढा. उत्तर अटलांटिकवर गँडर, गूस बे, केफ्लाविक, शॅनन, लाजेस हाताशी असल्याने बरेचसे मार्ग १२० मध्ये बसतात. सिडनी–सँटियागोसारखा दक्षिण गोलार्धातला मार्ग असेल तर १८० पुरत नाही. तो मार्गही आज दोन इंजिनी ७८७ ने चालतो, तेव्हा मान्यतेअभावी मार्ग अडतो असे आता फारसे राहिलेले नाही. आणि १८० मिनिटांपलीकडे गेलात की आजच्या नियमांत चार इंजिनी प्रवासी विमानालाही बऱ्याचशा याच अटी लागतात. चार इंजिने घेतली की या कटकटीतून सुटलो, ही समजूत जुनी झाली.

मग एक एक वर्तुळ खोडून पाहा. तो विमानतळ रात्री उघडा असतो का? अग्निशमन किमान चौथ्या वर्गाचे आहे का? हिवाळ्यात हवामान निघण्यापूर्वीच्या वाढीव मर्यादांत बसते का? तीनशे माणसे उतरवली तर त्यांना उबेत ठेवायला जागा आहे का? दिवसा १२० मध्ये बसणारा मार्ग एक विमानतळ रात्री बंद झाल्यावर १४० वर जातो, आणि वेळापत्रक तोवर विकून झालेले असते.

इंधनाचा हिशोबही करून ठेवा. दोन पर्यायी विमानतळांच्या मधल्या, दोन्हीकडे सारखाच वेळ लागेल अशा बिंदूवर केबिनचा दाब गेला असे धरायचे. विमान दहा हजार फुटांवर आणायचे, एक इंजिन चालू किंवा दोन्ही, यांतले जास्त खाणारे गणित घ्यायचे. वाऱ्याच्या अंदाजातल्या चुकीसाठी वाढ, बर्फ धरण्याची शक्यता असेल तर तिची वाढ, आणि शेवटी १,५०० फुटांवर पंधरा मिनिटे घिरट्या. दहा हजार फुटांवर इंधन भसाभस जाते. लांब मार्गावर हा आकडा कधी कधी नेहमीच्या इंधनाहून जास्त निघतो आणि मग तेवढा माल खाली ठेवावा लागतो. मालकक्षातली आग दाबणारी व्यवस्थाही डायव्हर्जनचा (वाट बदलून दुसरीकडे उतरण्याचा) सर्वांत मोठा वेळ अधिक पंधरा मिनिटे टिकायला हवी, म्हणजे १८० साठी १९५ मिनिटे.

देखभालीत सर्वांत महत्त्वाचा नियम असा: एकाच माणसाने एकाच खेपेत दोन्ही इंजिनांवर तेच काम करायचे नाही. हा नियम का आहे हे १९८३ च्या एका घटनेवरून कळते. मायामीहून नासाऊला निघालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या एल-१०११ वर इंजिनांचे मॅग्नेटिक चिप डिटेक्टर (तेलातले धातूचे कण पकडणारे) बदलले होते, आणि तिन्हींवर ओ-रिंग (तेलाची गळती रोखणारे कडे) न बसवताच. तेल गळत गेले. आधी एक इंजिन बंद केले, परतीच्या वाटेवर उरलेली दोन्ही विझली, आणि पहिले कसेबसे पुन्हा सुरू करून विमान मायामीला उतरले. इंजिने तीन होती, पण हात तोच आणि चूकही तीच. म्हणून कामे वेगळ्या माणसांना द्या, किंवा वेगळ्या दिवशी काढा. तेही जमत नसेल तर दुसऱ्या पात्र माणसाकडून तपासून घ्या आणि लागेल तिथे पडताळणी उड्डाण करा.

याखेरीज दर उड्डाणापूर्वीची इटॉप्स तपासणी, दर फेरीला किती तेल भरले याची नोंद आणि त्यावरून ताशी खप, आणि एपीयू (शेपटीतले वीज पुरवणारे छोटे इंजिन) उंचावर थंड अवस्थेत सुरू होते का याची ठरावीक चाचणी. बाहेरच्या स्टेशनवर ही तपासणी करणारा प्रशिक्षित माणूस हवा, त्याची कंत्राटे आधीच करा. रोजच्या कामात सर्वांत जास्त अडवणूक होते ती जनरेटर आणि एपीयूची. चार इंजिनी विमान एक जनरेटर बंद असताना बहुधा निघू शकते. दोन इंजिनी विमानात तसे झाले किंवा एपीयू बिघडले की बऱ्याचदा इटॉप्स काढून टाकून, किनाऱ्याला धरून लांबच्या वाटेने जावे लागते. तो लांबचा मार्ग, त्याचे इंधन आणि कमी करावे लागणारे वजन आधीच काढून फाइलमध्ये ठेवा. रात्री दोन वाजता डिस्पॅचरला (उड्डाणाची आखणी करणाऱ्याला) ते नव्याने काढायला लावू नका.

उंच विमानतळ आणि डोंगर

इथे चार इंजिनी विमानाची बाजू पूर्वी भक्कम होती. एक इंजिन गेले की दोन इंजिनी विमान निम्मा थ्रस्ट गमावते आणि खूप खाली उतरते. डोंगरावर दोन हजार फुटांची मोकळीक ठेवत उतरण्याची वाट त्याला आधी आखून ठेवावी लागते. पण केबिनचा दाब जातो तेव्हा इंजिने किती हे कोणी विचारत नाही. प्रवाशांचा ऑक्सिजन बहुतेक विमानांत बारा ते बावीस मिनिटे पुरतो, तेवढ्यात खालच्या उंचीवर यायचे असते. मोठ्या पठारांवरून जाणारा मार्ग बहुधा या अटीवर अडतो. तेव्हा इंजिनांची चर्चा करण्याआधी जास्त ऑक्सिजनचा पर्याय घेतला आहे का ते पाहा.

विमानतळ, शुल्क, माल, वैमानिक

पंखांचा पसारा ६५ मीटरच्या आत असेल तर विमान विमानतळांच्या मापांच्या वर्गवारीत कोड ई मध्ये बसते. ७७७-३००ईआर ६४.८ आणि ए३५० ६४.७५ मीटर, म्हणजे रेषेला टेकूनच. ७४७-८ (६८.४) आणि ए३८० (७९.७५) कोड एफ मध्ये जातात. कोड एफ च्या चार इंजिनी विमानासाठी धावपट्टी आणि शोल्डर (कडेचे पक्के पट्टे) मिळून ७५ मीटर लागतात, दोन-तीन इंजिनीला ६० पुरतात. कारण सरळ आहे, बाहेरची इंजिने गवतावर लोंबतात आणि खडे-माती ओढतात.

शुल्क वजनावर ठरते. युरोपात मार्गशुल्काचा वजन-घटक म्हणजे कमाल वजन भागिले ५०, त्याचे वर्गमूळ. २४२ टनांच्या ए३३० ला २.२०, २७६.५ टनांच्या ए३४०-३०० ला २.३५. दर फेरीला सुमारे सात टक्के जादा, प्रवासी तेवढेच असताना.

पोटातला माल हे उत्पन्न लोक विसरतात. ७७७-३००ईआर आणि ए३५०-१००० मध्ये एलडी३ या ठरावीक मापाचे ४४ डबे मावतात, ए३८० मध्ये ३८. त्यातही पाचशे प्रवाशांच्या बॅगा गेल्या की विकायला जागा थोडी उरते. ज्या मार्गावर माल चांगला मिळतो तिथे ए३८० चा दर प्रवाशामागचा खर्च कमी दिसूनही फेरीचा नफा मागे पडतो.

वैमानिकांच्या बाबतीत एअरबसकडे सोय आहे. ए३३० आणि ए३४०, तसेच ए३३० आणि ए३५० यांवर छोट्या फरक-प्रशिक्षणाने तेच वैमानिक उडू शकतात. ए३३० असलेल्या कंपनीने तात्पुरती दोन-तीन ए३४० घेणे म्हणूनच फारसे खटकत नाही. ७४७-४०० घेतली तर वैमानिक, सिम्युलेटर, सुट्या भागांचा साठा, सगळे वेगळे.

जिथे चार इंजिने अजून शोभतात

स्लॉट पूर्ण भरलेल्या विमानतळावर एका स्लॉटमध्ये पाचशे माणसे नेणारे विमान हवे असेल तर ए३८० ला पर्याय नाही. एमिरेट्सने शंभराहून जास्त चालवली ती याच हिशोबाने, आणि दुबईसारखे जोड-उड्डाणांचे केंद्र हाताशी असल्याने. एक-दोन ए३८० घेऊन हा खेळ जमत नाही. एक विमान बिघडले की पाचशे माणसे दुसरीकडे बसवायला जागा नसते.

मालवाहतुकीत ७४७-८एफ सुमारे १३७ टन उचलते, ७७७एफ सुमारे १०२. टनामागे ७७७एफ स्वस्त पडते, पण नाकातून सरकवायचा लांब पाइप किंवा उंच यंत्र तिच्यात जात नाही. असा माल वर्षभर मिळण्याचे करार हातात असतील तरच ७४७ घ्या.

दोन इंजिनी घेताना काय बांधून घ्यायचे

दोन इंजिनी ताफ्याचा धोका इंजिनाच्या जातीत असतो. २०१८ मध्ये ट्रेंट १००० च्या काही आवृत्त्यांत पात्यांचे दोष निघाले आणि त्या इंजिनांच्या ७८७ ची इटॉप्स ३३० वरून १४० मिनिटांवर आणली गेली. अनेक कंपन्यांची विमाने इंजिनांअभावी उभी राहिली, ज्यांचे मार्ग १४० च्या बाहेर होते त्यांना वेळापत्रक बदलावे लागले. चार इंजिनी विमानालाही असा दोष ग्रासतो, पण मार्ग इतका पटकन तुटत नाही.

म्हणून करार करताना इंजिन कंपनीशी ताशी दराचा देखभाल करार कराच, आणि त्यात तीन गोष्टी आकड्यांत लिहून घ्या. शॉपमधून इंजिन किती दिवसांत परत येईल, त्याला उशीर झाला तर भाड्याचे इंजिन कोणाच्या खर्चाने, आणि इटॉप्सची मुदत इंजिनाच्या दोषामुळे खाली आली तर लांबच्या मार्गाचे इंधन आणि रद्द फेऱ्या यांची भरपाई कशी. तिसरे कलम सहसा कोणी मागत नाही आणि विक्रेता आपणहून देत नाही. मोठे इंजिन न्यायची सोयही याच करारात बसवा. ७७७-३००ईआर च्या जीई९०-११५बी इंजिनाच्या पंख्याचा व्यास ३.२५ मीटर आहे आणि ते अख्खे इंजिन बऱ्याच मालवाहू विमानांच्या दारातून आत जात नाही. पंख्याचा भाग वेगळा करून पाठवावे लागले तर तो जोडणारा शॉप, स्टँड आणि माणसे दुसऱ्या टोकाला आहेत का, हे सही करण्याआधी तुमच्या मार्गावरच्या प्रत्येक बाहेरच्या स्टेशनसाठी तपासून घ्या.